महदाइसांचे पुसणे

महानुभाव मार्गातील महात्म्यांस व वासनिकांस जालना जिल्हा मुख्यतः जाळीच्या देवामुळे परिचित आहे. भोकरदन तालुक्यातील हे स्थान जिल्ह्याच्या उत्तरेस. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, जेथे गोदावरी जालना आणि बीड यांची हद्द होऊन वाहते, तेथे घनसावंगी तालुक्यात रामसगाव आहे. महदाइसांचे गाव म्हणून या गावाचे नाव घेतले जाते. पैलतीरी गेवराई तालुक्यात पांचाळेश्वराचे आत्मतीर्थ आहे. आद्य मराठी कवयित्री म्हणून महाराष्ट्रास ठाऊक असलेल्या महदंबा त्या याच. काव्यामुळे त्यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासांत गेले, हे योग्यच झाले. तथापि मार्गाच्या इतिहासात त्यांचा जो अधिकार आहे तो आधी श्रवणाचा आहे आणि मग काव्याचा.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी त्यांना जिज्ञासक म्हणत, चर्चक म्हणत. ही म्हातारी काही ना काही पुसतच असते, अशा आशयाचे स्वामींचे बोल लीळाचरित्राने जपून ठेवले आहेत. म्हातारी हा शब्द तेथे मायेने आलेला आहे. त्यातून वयाचा हिशेब काढू नये. या बोलांतील पुसणे सर्वांच्या ध्यानी राहते, त्यामागचे ऐकणे मात्र निसटते. ज्याने नीट ऐकलेच नाही त्याला शंका येत नाही. त्याला कंटाळा येतो, फार तर राग येतो. निरूपणाचा शब्द अंतःकरणात उतरावा, पूर्वी ऐकलेल्या शब्दाशी त्याची गाठ पडावी, त्या गाठीत कोठे तरी अडावे, तेव्हा प्रश्न उपजतो. म्हणून महदाइसांचे चरित्र पाहावयाचे तर त्यांच्या श्रवणाकडेच पाहिले पाहिजे.

त्यांचे जन्मनाव रूपाई, आदराने रूपाइसा. पिता वायनायक. पुढे मार्गाचे आद्य आचार्य झालेले नागदेव, म्हणजे भटोबास, हे नात्याने त्यांचे चुलतबंधू. घराणे विद्वानांचे होते. त्यांचे पूर्वज वामनाचार्य यांना यादवांच्या राज्यात पांडित्याबद्दल मान होता, आणि त्यांच्या पत्नीही शास्त्रचर्चेत निपुण होत्या असे परंपरा सांगते. अशा घरात मुलीच्या कानावर लहानपणापासून शास्त्रार्थ पडत असला तर नवल नाही. शास्त्रार्थाची एक मर्यादा आहे. प्रतिपक्षाचे खंडन करण्यापूर्वी त्याचा पूर्वपक्ष त्याला मान्य होईल इतक्या नेमकेपणाने मांडावा लागतो. त्यासाठी समोरच्याचे म्हणणे कान देऊन ऐकावे लागते. भारतीय पंडितांनी श्रवणाची ही शिस्त शेकडो वर्षे पाळली, हा त्यांचा मोठाच गुण. परंतु हे ऐकणे जिंकण्यासाठी असते. पूर्वपक्ष ऐकताना चित्त उत्तरपक्षाच्या जुळणीत गुंतलेले असते. उपनिषदातील गार्गी जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न करते ते याच रीतीने. मैत्रेयी घरात त्याच याज्ञवल्क्यांना विचारते ती रीत निराळी. महदाइसांच्या कुळात पहिली रीत होती. त्यांनी स्वतःसाठी दुसरी पत्करली.

बालवयातच त्यांना वैधव्य आले. तेराव्या शतकातील ब्राह्मण घरातील विधवेपुढे जे जीवन वाढून ठेवलेले असे त्यात पुसण्याला जागा नव्हती. यादवांचे मंत्री हेमाद्री यांनी चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडात व्रतांचा जो अफाट संग्रह केला, तो याच काळाचा. तिथी कोणती, नैवेद्य कोणता, दान कोणते, हे सर्व सांगितलेले. स्त्रीने ते ऐकावे आणि आचरावे. सांगणाऱ्याला ऐकणारीच्या मनात काय चालले आहे हे जाणण्याचे प्रयोजनच नव्हते. अशा श्रवणात कान उघडे असतात आणि तोंड बंद असते. महदाइसांचे मन त्यात रमले नसावे, हे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून उघड आहे.

त्या प्रथम दादोसांच्या शिष्या झाल्या. रामदेव दादोस हे त्या काळी नावाजलेले साधक. त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा होता आणि त्यांत नागदेवही होते. दादोसांचा स्वामींशी संबंध आला, त्यांच्यामागून शिष्यही स्वामींच्या दर्शनास येऊ लागले आणि हळूहळू तेथेच रमू लागले. दादोसांना हे रुचले नाही. गुरूला दुखवून दुसरीकडे जाणे हे कृतघ्नपणाचे वाटण्याचा तो काळ. महदाइसांनाही हा पेच सुटला नसणार. तथापि दोन्हीकडचे ऐकून, तोलून, त्यांनी आपला निर्णय केला. येथे दादोसांना खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. शिष्यांना स्वामींपर्यंत पोचविणारी वाट त्यांच्याच दारावरून गेली होती.

स्वामींच्या सन्निधानी येणाऱ्या जीवास आधी वेध होतो आणि मग बोध, हा क्रम मार्गातील अभ्यासकास सांगावयास नको. वेध हा दर्शनाने होतो, श्रीमूर्तीच्या ओढीने होतो. त्यात जीवाचे कर्तृत्व थोडे. बोध मात्र शब्दाने होतो, आणि शब्द ग्रहण करणाराही तयार असावा लागतो. स्वामींच्या परिवारात वेधवंत पुष्कळ होते. महदाइसांनाही वेध होताच, पण त्या तेथे थांबल्या नाहीत. निरूपण चालले असता ऐकावे, ऐकलेले मनात घोळवावे, आणि अडेल तेथे स्वामींनाच पुसावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. लीळाचरित्राचे पाठ वाचताना ठिकठिकाणी एकच ठेवण दिसते: प्रसंग घडतो, महदाइसा पुसतात, सर्वज्ञ उत्तर देतात. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चारही पदार्थांविषयी, अवतारांविषयी, आचाराविषयी निरूपणाला निमित्त झालेल्या पुसण्यांत त्यांचा वाटा मोठा आहे.

हे शक्य झाले याचे अर्धे श्रेय अर्थातच सांगणाऱ्याकडे जाते. स्वामी भडोचच्या राजकुळातले, गुर्जर देशीचे. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. तरीही त्यांनी या देशी येऊन निरूपण केले ते मराठीतच, आणि तेही चुलीजवळ, शेताच्या बांधावर, बाजाराच्या वाटेवर बोलल्या जाणाऱ्या मराठीत. लोकांची भाषा अशी अंगवळणी पडते ती लोकांचे पुष्कळ ऐकल्यावाचून नव्हे. केशोबासांनी पुढे जे एकशे चौदा दृष्टांत एकत्र केले, त्यांतील माणसे पाहावीत. जन्मांध मंडळी हत्तीला चाचपतात. ज्याच्या हाती पाय आला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान आला त्याला सुपासारखा. हा दृष्टांत पुष्कळ देशांत सांगितला गेला आहे. परंतु खांब आणि सूप हे शब्द ऐकताच मराठी ऐकणारीच्या डोळ्यांपुढे तिचे घर उभे राहते. स्वामी श्रोत्याचे घर ओळखून बोलत. आणि बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा अशा स्त्रियांना तेथे बसून ऐकण्याचा, इतकेच नव्हे तर उलट पुसण्याचा अधिकार होता, हे त्या शतकात सामान्य नव्हते.

याच घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचा प्रारंभ श्रवणापासून केला आहे. मार्ग निराळा, दैवत निराळे, काळात तीन शतकांहून अधिक अंतर. तरी एकाच नदीकाठच्या टापूने श्रवणाचा असा दोनदा विचार करावा, हा योगायोग नोंदण्याजोगा खरा.

महदाइसांच्या पुसण्याने काय साधले, हे मार्गातील टीकाग्रंथांची रचना पाहिली की कळते. केशोबासांनी लीळांतून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र थोडक्या अक्षरांचे असते. ते आठवणीत राहण्यास सोपे आणि म्हणूनच चुकीच्या ठिकाणी लावण्यासही सोपे. एकाच विषयावर एका ठिकाणी कठोर वचन आढळते, दुसऱ्या ठिकाणी मृदू. नुसती वचने समोर ठेवली तर परस्परविरोध भासतो. आपल्या पूर्वाचार्यांनी यावर उपाय केला तो प्रकरणवशाचा. अमुक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाच्या निमित्ताने, कोणत्या पुसण्यावर निरूपिले गेले, हे सांगणारा हा ग्रंथप्रकार आहे. ज्याला आपल्या आचाराचा अभिमान झाला आहे त्याला दिलेले उत्तर आणि जो खचून बसला आहे त्याला दिलेले उत्तर एक असू शकत नाही. वचनाच्या शेजारी श्रोत्याचे नाव राहिले तरच वचनाचा अर्थ राहतो. वैद्याने दिलेली पुडी घरात सापडली, पण ती कोणाला कोणत्या दुखण्यावर दिली होती हे विसरले, तर औषधाचे काय होते ते प्रत्येक गृहस्थ जाणतो.

जगातील बहुतेक धर्मपरंपरांनी वक्त्याचे शब्द राखले. वक्त्याबरोबर श्रोत्यालाही इतक्या काटेकोरपणे राखणाऱ्या परंपरा थोड्या. महदाइसांसारखे श्रोते स्वामींना लाभले नसते तर निरूपण झालेच नसते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ते याच आकारात झाले नसते, हे निश्चित. पुसणाऱ्याने जेथवर पुसले तेथवर उत्तर पोचते. एकांकाचेच उदाहरण घ्यावे. स्वामी एकाकी भ्रमण करीत होते त्या काळाच्या या लीळा. त्या वेळी जवळ भक्तपरिवार नव्हता, साक्षी नव्हते. त्या लीळा आज उपलब्ध आहेत त्या स्वामींनी पुढे निमित्तानिमित्ताने आपल्या मुखे सांगितल्या आणि ऐकणाऱ्यांनी त्या सोडल्या नाहीत म्हणून. आठवणी सांगणाऱ्यापुढे श्रोता चुळबुळत बसला तर सांगणारा आवरते घेतो, हा रोजच्या व्यवहारातला अनुभव आहे. घरातल्या वृद्धांच्या कितीतरी गोष्टी अशाच, ऐकणारा न मिळाल्यामुळे, त्यांच्याबरोबर जातात.

शके ११९६ म्हणजे इ.स. १२७४ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, असा संकेत आहे. परिवारावर असन्निधानाचा काळ आला. आता पुसावे कोणास? स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भटोबास आणि इतर मंडळी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस गेली. त्यांत महदाइसाही होत्या. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले ते याच गावी.

येथे महदाइसांच्या श्रवणाची दुसरी आणि अधिक कठीण परीक्षा झाली. स्वामी पुसल्यावर उत्तर देत, दृष्टांत देत, पुन्हा समजावीत. श्रीगोविंदप्रभूंचे तसे नव्हते. लोकदृष्टीला ते राऊळ वेडे होते. मुलांत खेळावे, कोणाच्याही घरी शिरावे, मातंगांच्या वस्तीत जावे, लटकेच रागवावे, क्षणात हसावे. त्यांचे बोलणे तुटक; त्यात निरूपण नाही, प्रमेय नाही. ज्या साधिकेची सारी साधना पुसण्यावर उभी होती तिने अशा पुरुषाजवळ काय करावे? पुसणे थांबले, तर आता ऐकणे कशाला म्हणावे? महदाइसांनी तेथे मुद्रा ऐकली, प्रवृत्ती ऐकली. राऊळांना या घडीला काय हवे आहे हे ओळखणे, ते बोलण्याआधी समजणे आणि तशी सेवा करणे, हेच तेथील श्रवण होते. आजारी मनुष्य, तान्हे मूल, अतिवृद्ध आई यांच्यापाशी बसलेल्या स्त्रियांना हे श्रवण परिचयाचे आहे. पंडितांना ते शिकवावे लागते.

धवळ्यांचा जन्म अशाच एका प्रसंगी झाला. राऊळांना विवाहाची प्रवृत्ती झाली. कोणी शहाणा असता तर त्याने हसून विषय टाळला असता, किंवा समजूत घातली असती. भक्तजनांनी तसे केले नाही. त्यांनी लग्नाची तयारी केली, सोहळा मांडला. लग्न म्हटले की मंगलगीते हवीत. राऊळांनी महदाइसांना गावयास सांगितले. त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तेथेच रचून गाइले. धवळे हे लग्नातले गाणे. स्त्रियांच्या तोंडी असलेला, तालावर चालणारा, सोपा प्रकार. पाठांतर करून, पोथी समोर ठेवून सिद्ध केलेले हे काव्य नव्हे. समोर बसलेल्याच्या इच्छेला तत्क्षणी दिलेले ते उत्तर होते. आजवर त्या पुसत होत्या आणि स्वामी उत्तर देत होते. या वेळी मागणे प्रभूंचे होते आणि उत्तर महदाइसांचे. धवळ्यांचा उत्तरार्ध त्यांनी पुढे सहाध्यायांच्या आग्रहावरून पूर्ण केला असे सांगतात. दोन्ही भाग मिळून धवळ्यांची संख्या दीडशेच्या घरात जाते. मातृकी रुक्मिणीस्वयंवर आणि गर्भकांड ओव्या या रचनाही त्यांच्या नावे आहेत. मातृकीत वर्णाक्षरांच्या क्रमाने ओव्या गुंफलेल्या असल्यामुळे ऐकणाऱ्यास त्या पाठ ठेवण्यास आधार मिळतो.

विषयाची निवडही सहज झालेली असली तरी विचार करण्यासारखी आहे. रुक्मिणीने श्रीकृष्णांस पाहिले नव्हते. भागवताच्या दशमस्कंधात ती त्यांचे गुण घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकते आणि ऐकूनच मनाने वरते. ब्राह्मणाच्या हाती पाठविलेल्या संदेशाचा आरंभही त्या ऐकण्याच्या उल्लेखानेच होतो. तिचा भाऊ रुक्मी हाही तेच ऐकत असतो, पण त्याच्या कानावर द्वेषाचे झाकण आहे. श्रवणाने घडलेल्या विवाहाची ही कथा रिद्धपूरच्या मंडपात महदाइसांच्या ओठी आली, यात त्यांच्या आयुष्याशी पूर्ण मेळ आहे.

तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात श्रीगोविंदप्रभूंनीही देह ठेवला. आता परिवाराजवळ उरले ते ऐकलेले आणि पाहिलेले. भटोबास स्वामींच्या लीळा आठवीत, त्यांचे मनन करीत. म्हाइंभटांच्या हे ध्यानात आले. मूळचे सराळ्याचे हे मोठे पंडित. डोमेग्रामी ते स्वामींकडे आले होते ते वाद करण्यासाठी, आणि परतले ते जिंकले जाऊन. ऐकण्याची वादी रीत टाकून दुसरी स्वीकारणारे हे आणखी एक उदाहरण. भटोबास हे सारे मनात आठवीत आहेत, पण पुढच्यांना हे कसे मिळणार, अशी चिंता त्यांना वाटली आणि लीळा लिहून ठेवण्याचा विचार त्यांनी भटोबासांपुढे मांडला. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत ते कार्य झाले. भटोबासांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. जे दुसऱ्यांपुढे घडले होते त्यासाठी म्हाइंभटांस त्या त्या व्यक्तीकडे जावे लागले. गावोगाव हिंडून, ज्याने पाहिले व ऐकले त्याच्याच तोंडून ते मिळवून, त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ एका लेखकाच्या प्रतिभेतून उतरलेला नाही. तो अनेकांच्या कानांतून आलेला आहे. आपल्या व्युत्पन्न संस्कृताचा मोह आवरून म्हाइंभटांनी माणसांची बोली जशीच्या तशी राखली. आणि म्हणूनच महदाइसांचे पुसणे त्यात आजही वाचावयास मिळते. पंडिताने ते सुधारून, त्याचे प्रमेय करून लिहिले असते तर त्यातली बाई नाहीशी झाली असती.

हा धोका खरोखरच उभा राहिला होता. केशोबास संस्कृताचे अधिकारी. त्यांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतात आहे. स्वामींची सूत्रेही संस्कृतात बांधावीत असे त्यांना वाटले, तेव्हा भटोबासांनी ते होऊ दिले नाही. तसे केल्याने स्वामींचा सामान्य परिवार नागवला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. स्मृतिस्थळातील या प्रसंगाचा उल्लेख भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून पुष्कळदा केला जातो. मराठी अभिजात भाषा ठरल्यानंतर, २०२४ पासून, तो अधिकच होऊ लागला आहे. तो अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भटोबासांच्या नजरेसमोर भाषा नव्हती, माणसे होती. जे ऐकत आले होते, ज्यांच्या पुसण्यावर ही वचने निघाली होती, त्यांनाच ती पुन्हा वाचता येऊ नयेत, हा अन्याय त्यांना दिसला. त्या सामान्य परिवारात त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या होत्या.

महदाइसांनी भटोबासांच्या हयातीतच देह ठेवला. त्यांच्या वियोगाने भटोबास व्याकुळ झाले. म्हातारी धर्माची राखण करीत होती आणि आपलीही राखण करीत होती, असा त्यांच्या शोकाचा भाव परंपरेने सांगितला आहे. आचार्य आपल्या शिष्यपरिवारातील एका वृद्ध स्त्रीस आपली रक्षक म्हणतो, हे पाहून नवा वाचक थबकेल. आचार्यपद मिळाले की माणसाला टोकणारे कमी होत जातात. ऐकणारे पुष्कळ मिळतात, पण ते मान डोलावणारे असतात. स्वामींपाशी काय ऐकले होते हे जिला नेमके आठवते, आणि जी भटोबासांनाही निःसंकोच पुसू शकते, अशी व्यक्ती जवळ असणे हे आचार्याला केवढे संरक्षण होते, ते भटोबास जाणून होते. ती गेल्यावर त्यांना चुकू न देणारे कोण उरले?

त्यानंतर संकट आले ते ग्रंथावरच. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, पुढे १३०७ मध्ये मलिक काफूरची स्वारी झाली. यादवांचे राज्य मोडकळीस आले आणि त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली. जे कानांतून लेखणीत आले होते ते पुन्हा कानांकडेच शोधावे लागले. ज्यांनी ग्रंथ ऐकून पाठ केला होता त्यांनी तो पुन्हा सांगितला. त्यांत हिराइसांचे नाव आदराने घेतले जाते. एकदा ऐकलेले त्यांच्या ध्यानात राही, अशी त्यांची ख्याती होती. रामेश्वरबास, परशरामबास यांचेही पाठ झाले. या पाठांत फरक पडले. ते फरक झाकून एकच गुळगुळीत प्रत करणे सोपे होते. लेखकांनी तसे न करता ज्याचा पाठ त्याच्या नावाने नोंदला, वेगळी आठवण असेल तर वेगळी वासना म्हणून तीही शेजारी लिहिली. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा सर्वसामान्य मराठी वाचकासही ही पाठांची गुंफण पाहावयास मिळाली. कोणी काय ऐकले याची नोंद सातशे वर्षे अशी चालत आली, आणि त्या नोंदींत एका लीळेमागून दुसऱ्या लीळेत, पाठ कोणाचाही असो, महदाइसा पुसत असलेल्या आढळतात.